दुधावाचूनचा डबा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा विषय आमच्या मर्जीवर सोपवला नाही. "तुम्ही मुलांना दूध देत नाही म्हणे, त्यावरच बोला," एवढेच ते म्हणाले. तो सूर आमंत्रणाचा होता की जबाब मागण्याचा, हे आम्हांस अद्याप नीटसे उमगलेले नाही. परवा याच व्यासपीठावरून चंद्रावरच्या मोहिमांची माहिती मिळाली, काल संतवाङ्मयावर दीड तास सुरेख विवेचन झाले, आणि आज आपल्यापुढे शाळेचा डबा येऊन ठेपला आहे. श्रोत्यांनी ही उतरण गोड मानून घ्यावी.

प्रथम 'आम्ही' या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. हा बहुवचनी थाट मोठेपणाचा नव्हे. घरात आम्ही दोघे, अकरा वर्षांची थोरली, सात वर्षांचा धाकटा आणि आजी. हे भाषण आम्ही दोघांनी मिळून लिहिले आहे. आजींनी मात्र आपली भिन्नमतपत्रिका राखून ठेवली आहे, आणि ती आज येथे जागोजागी डोकावल्याशिवाय राहणार नाही.

इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन या गृहस्थांनी काही मित्रांसह एक संस्था काढली. मांस-मासे न खाणारे बरेच होते, परंतु दूध, दही, लोणी, अंडी, मध असे प्राण्यापासून मिळणारे काहीच न खाणाऱ्यांना नाव नव्हते. त्यांनी 'व्हेजिटेरियन' या शब्दाचे पहिले तीन आणि शेवटची दोन अक्षरे जोडून 'व्हीगन' असा शब्द केला. आपल्याकडे त्यास अजून धड प्रतिशब्द नाही. 'शुद्ध शाकाहारी' म्हणावे तर ती पाटी ज्या उपाहारगृहावर असते तेथे पनीर आणि लोणी यांचाच सुकाळ असतो. म्हणून आम्हीही 'व्हीगन' म्हणतो, आणि आजी 'ते तुमचे' म्हणतात.

आता हे पथ्य इंग्लंडात पाळणे निराळे आणि येथे पाळणे निराळे. आमची भाषाच मुळी दुधात भिजलेली आहे. लहान मुलाचे दात दुधाचे, भोळा माणूस दूधखुळा, आनंदात भर पडली तर दुधात साखर, आणि आजीला नातवंडे म्हणजे दुधावरची साय. साताऱ्याचे कंदी पेढे, नरसोबाच्या वाडीची बासुंदी, कोल्हापुरात कट्ट्यावर उभे राहून प्यायचे धारोष्ण दूध, हा आमचा भूगोल. अशा मुलखात एखाद्या घरी मुलांच्या हाती दुधाचा पेला दिला जात नाही म्हटल्यावर शेजाऱ्यांच्या मनात पहिली शंका येते ती दारिद्र्याची, दुसरी वेडाची.

एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांस द्रोणाचार्यांचा दाखला दिला. घरी गाय नाही म्हणून अश्वत्थाम्याला पाण्यात पीठ कालवून दिले, आणि ते पोर दूध प्यायलो म्हणून नाचू लागले, ही कथा आपणांस ठाऊक आहेच. "तुमचे ते सोयाबीनचे दूध म्हणजे तेच," असे ते म्हणाले. आम्ही हसलो, पण घरी आल्यावर ती कथा पुन्हा वाचली. द्रोणांच्या काळजाला घर पडले ते मुलाला दूध मिळाले नाही एवढ्यानेच नव्हे. भोवतालची मुले त्याला हसली, आणि ते हसणे बापाने पाहिले. त्या हसण्यापासून द्रुपदाचा दरबार आणि पुढचे सगळे महाभारत निघाले. आमच्या विषयाचा गाभा तेथे आहे. पेल्यात काय आहे याची व्यवस्था करता येते. भोवतालच्या मुलांत आपले मूल कसे उभे राहते, ही खरी चिंता.

आम्ही या वाटेस का लागलो, ते थोडक्यात सांगतो. गोठ्यात जन्मलेला रेडा कोणास नको असतो, आणि आईच्या दुधावर त्याचा हक्क सर्वांत शेवटी लागतो, हे खेड्यात वाढलेल्या माणसास सांगणे नलगे. आम्हांपैकी एकाचे बालपण अशाच गोठ्याशेजारी गेले. जे पाहिले ते विसरता आले नाही, एवढेच. आपण सर्वांनी तसे करावे असे सांगण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. दुधावर संसार चालणारी माणसेही आम्ही ओळखतो. आमच्याकडे रतीब घालणाऱ्या मावशींनी दोन म्हशींच्या जोरावर मुलाला पदवीपर्यंत शिकवले. त्यांचा रतीब बंद करण्याचा दिवस आमच्या आयुष्यातला अवघड दिवस होता. हल्ली त्या आमच्याकडे भुईमुगाच्या शेंगा आणि शेवग्याचा पाला आणून देतात. परंतु त्याने त्यांचे दुधाचे पैसे भरून निघाले, असे म्हणण्याचा अप्रामाणिकपणा आम्ही करणार नाही.

आजींची पहिली हरकत धर्माची होती. दूध सोडणे म्हणजे परक्यांचे खूळ. आम्ही वाद न घालता त्यांच्याच पोथ्या काढल्या. चातुर्मासात श्रावणात भाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्य सोडण्याची जुनी व्रते आहेत. क्षीरव्रत हा शब्द आम्ही बनवलेला नाही. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करून बायका त्या दिवशी गाईचे दूध, दही, तूप वर्ज्य करतात आणि बाजरीची भाकरी व गवारीची शेंग खाऊन उपास सोडतात. ऋषिपंचमीला तर बैलाच्या कष्टाचे अन्नही चालत नाही. अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, मक्याची कणसे अशी परसातली भाजी होते. आणि खुलभर दुधाची कहाणी तर आजींनीच आम्हांस लहानपणी सांगितलेली. राजाने महादेवाचा गाभारा भरण्यासाठी गावातले सगळे दूध दवंडी पिटून आणवले, पोरांना नाही, वासरांना नाही, तरी गाभारा भरेना. एका म्हातारीने आधी लेकरांना, वासरांना पाजले आणि उरलेले खुलभर दूध आणून ओतले तेव्हा भरला. आम्ही ही कहाणी त्यांना परत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "म्हातारीने पोरांना पाजलं, ते विसरू नका."

हे उत्तर बिनतोड होते, आणि येथून पुढे शास्त्राकडे वळणे भाग आहे.

गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर, आपले मित्र कॅलनबॅक यांच्यासह दूध सोडले. १९१८ साली ते इतके आजारी पडले की अंथरुणातून उठता येईना. दूध घेतल्याशिवाय शरीर सावरणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, तेव्हा शेळीचे दूध चालेल, असा मार्ग कस्तुरबांनी सुचवला, आणि गांधीजींनी तो पत्करला. त्याचे शल्य त्यांच्या मनात कायम राहिले, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. आम्हांस या प्रसंगातून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, गांधीजींनी प्रयोग केला तो स्वतःच्या, प्रौढ शरीरावर. मुलाचे शरीर आपले नव्हे, ते आपल्याकडे ठेव म्हणून असते. दुसरी गोष्ट, त्या काळी ब-१२ हे जीवनसत्त्व कोणास ठाऊकच नव्हते. ते शुद्ध स्वरूपात हाती आले १९४८ साली. वॉटसनसाहेबांची संस्थासुद्धा त्याच्या चार वर्षे आधीची.

हे ब-१२ जरा नीट समजावून घेतले पाहिजे, कारण दुधावाचून मूल वाढवण्यातली सर्वांत मोठी जोखीम तेथे आहे. हे जीवनसत्त्व ना वनस्पती तयार करते ना प्राणी. ते तयार करतात सूक्ष्म जंतू. गाई-म्हशींच्या पोटातल्या जंतूंकडून ते दुधात उतरते. भाजीपाला, डाळी, फळे यांत ते नसते. रोज लागते ते फार थोडे, ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचे दोन-एक हिस्से. पण एवढेसे मिळाले नाही तर रक्त खालावते, मज्जातंतू बिघडतात, आणि तान्ह्या मुलाची वाढ व बुद्धी दोन्ही मागे पडतात. आईच्या शरीरात ते नसेल तर तिच्या दुधातही ते येत नाही. आंबवलेल्या इडलीत असते, शेवाळाच्या गोळ्यांत असते, अशा गोष्टी लोक सांगतात. त्यांवर भिस्त ठेवू नये. आम्ही ठेवली होती. पहिल्या दीड वर्षात आम्हांपैकी एकाच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा तपासणीत हे जीवनसत्त्व तळाला गेलेले आढळले. सुदैवाने मुलांना तोवर फारसे झाले नव्हते. त्या दिवसापासून घरात देवापुढच्या दिव्याइतक्याच नेमाने ब-१२ची गोळी आहे. वर्षातून एकदा रक्त तपासले जाते, आणि मुलांची उंची व वजन दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले आहे.

दूध पिणाऱ्यांनीही येथे फार निर्धास्त राहू नये. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्यांत सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. या बाया व्हीगन नव्हत्या, आपल्यासारख्याच होत्या. तेव्हा घोटभर चहातल्या दुधाने हे काम भागते, हा आपला समज तपासून घेण्याजोगा आहे.

डॉक्टर मंडळींत या आहाराविषयी एकमत नाही, हेही लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली, नीट आखलेला असा आहार सर्व वयांस चालेल असे म्हटले. बेल्जियममधील वैद्यकीय अकादमीने २०१९ साली तो मुलांस अयोग्य ठरवला. पोलंडमध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांची पाहणी होऊन २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्हीगन मुलांच्या रक्तातले अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होते, ही जमेची बाजू. पण ती मुले सरासरीने सुमारे तीन सेंटिमीटर बुटकी होती आणि त्यांच्या हाडांत खनिजे कमी होती. आमच्या दारामागच्या पेन्सिलीच्या रेघा आम्ही ज्या काळजीने पाहतो, तिचे कारण हे तीन सेंटिमीटर होत.

आता डब्याकडे येऊ. मुलाचे पोट लहान आणि भूक घाईची. पालेभाजी आणि फळांनी ते पोट चटकन भरते, पण अंगी लागत नाही. म्हणून तेल, शेंगदाणे, तीळ, खोबरे यांत हात आखडता घेऊ नये. मात्र अगदी लहान मुलास अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो. कूट करून द्यावे. कॅल्शियमसाठी आमचा भरवसा नाचणीवर आहे. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते, शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५०. सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाला ६५० लागते, असे २०२० साली आपल्याकडील तज्ज्ञांनी ठरवले आहे. दोन भाकऱ्यांनी निम्मे काम होते, उरलेले तीळ, शेवग्याचा पाला, सोयाबीन यांनी भरून काढावे लागते. पालकावर विसंबू नये, त्यातले कॅल्शियम ऑक्झॅलिक आम्लाने बांधलेले असते, शरीरास ते फारसे लाभत नाही. उसळीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी लागते. आपल्या आयांनी पोह्यांवर लिंबाची फोड ठेवली ती चवीसाठी, पण काम दुहेरी झाले. जवसाची चटणी रोज चमचाभर असावी. ड जीवनसत्त्वासाठी ऊन आणि डॉक्टर सांगतील ते औषध. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळास आईच्या दुधाऐवजी घरी वाटलेले दाण्याचे वा बदामाचे दूध कधीही देऊ नये. आईचे दूध या पथ्यात पूर्णपणे बसते, ते ती आपखुशीने देते. मध मात्र पहिल्या वर्षात कोणाच्याच बाळास चाटवू नये. त्यातल्या एका जंतूने बाळ दगावू शकते, हे आता सिद्ध झाले आहे.

शाळेत दोन सुट्ट्या, म्हणजे दोन डबे. मोठ्या सुट्टीचा डबा कधी कठीण गेला नाही. थालीपीठ आणि दाण्याची चटणी, मटकीची उसळ आणि पोळी, मुगाचे धिरडे, मेथीचे धपाटे, तिळकूट घातलेले वांगे आणि भाकरी, यांत दूध आहेच कोठे? मराठी माणसाचा रोजचा डबा दहीताक वजा केले तर जवळजवळ आमचाच आहे. आम्ही मुलांना हेच दाखवून दिले: "तुमच्या डब्यात काही कमी नाही, शेजारच्या मुलाच्या डब्यातही हेच आहे." अडचण होते ती छोट्या सुट्टीची. बिस्किटांत दुधाची भुकटी, चॉकलेटात दुधाची भुकटी. वेष्टनावर बारीक अक्षरांत 'दूध आहे' असा इशारा छापण्याचे बंधन आहे आणि २०२२ सालच्या नियमांनी व्हीगन पदार्थांसाठी निराळे हिरवे चिन्हही ठरवले गेले, पण सात वर्षांच्या मुलाने सुट्टीच्या दहा मिनिटांत भिंग घेऊन बसावे काय? त्यावर उपाय थोरलीच्या वर्गातल्या बाईंनीच काढला. वर्गात कोणाचा वाढदिवस असला की चॉकलेट वाटले जाते. बाईंनी आपल्या टेबलाच्या खणात लिमलेटच्या गोळ्यांची एक डबी ठेवली. वाढदिवसाच्या मुलाने ती डबी उघडून आपल्या हाताने थोरलीला गोळी द्यायची. महिनाभरात निम्मा वर्ग "मला चॉकलेट नको, लिमलेट दे" म्हणू लागला.

आमच्या मुलांना शाळेत आहार मिळत नाही, पण जेथे मिळतो तेथेही हा प्रश्न निराळ्या रूपाने आला आहे. महाराष्ट्रात २०२३ साली शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरले, आणि न खाणाऱ्या मुलाच्या पानात केळे. पुढे २०२५ साली सरकारने अंड्याचे पैसे थांबवले. अंड्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. ज्या मुलाला घरी डाळही रोज मिळत नाही त्याच्या पानातले अंडे काढून घेण्याच्या बाजूस आम्ही कधीही उभे राहणार नाही. आम्हांस त्या योजनेत रुचले ते केळे. एकाच पंगतीत, एकाच वेळी दोघांनाही काहीतरी मिळत होते.

सणवारांची कथा याहून रंगतदार आहे. पंचांग उघडून बसलो तेव्हा आम्हांस वाटले होते की सगळीकडे दुधातुपाचे डोंगर लागतील. कोकणात आणि गोव्यात तर डोंगर नव्हतेच. उकडीचे मोदक, पातोळ्या, खांडवी, नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या, हरभऱ्याच्या डाळीचे मणगणे, सगळा कारभार नारळ आणि गुळाचा. मोदकावरची तुपाची धार तेवढी वगळायची. संक्रांतीचा तिळगूळ आमचाच. पुरणपोळी तेलावर उत्तम होते, खानदेशात आणि विदर्भात तेलाचा हात सढळ असतोच. दिवाळीत चिवडा, शेव, चकली, कडबोळी यांत तेलाचे मोहन घातले की प्रश्न मिटला. बेसनाचा लाडू मात्र तुपाशिवाय बेसनाचा लाडू होत नाही. ते आम्ही सोडून दिले आणि दाण्याच्या लाडवावर समाधान मानले. प्रत्येक गोष्टीची नक्कल करण्याच्या भरीस पडू नये, हे आमचे मत झाले आहे. नकली श्रीखंड एकदा केले. त्याविषयी अधिक न बोलणे बरे.

कोजागरीच्या पहिल्या वर्षी आम्ही फजित झालो. नारळाचे घट्ट दूध काढले, केशर, वेलची, चारोळी घातली, आणि मसाला दुधासारखे ते चुलीवर आटवत ठेवले. नारळाचा रस उकळला की फुटतो, हे कोकणातल्या कोणत्याही पोरीस ठाऊक असलेले सत्य आम्ही घाटावरच्या माणसांनी त्या रात्री गच्चीवर पाहुण्यांसमक्ष शिकलो. पातेल्यात वर तेल, खाली पाणी, आणि मध्ये चंद्राचे प्रतिबिंब. आता बदाम-काजू वाटून त्यांचे दूध आधी आटवतो आणि नारळाचा रस उतरवल्यावर घालतो.

वाढदिवसाचा केक हा त्या मानाने बालसुलभ विषय. दीड वाटी मैदा, वाटीभर साखर, तीन मोठे चमचे कोको, चहाचा चमचाभर खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ. त्यात वाटीभर पाणी, पाव वाटीहून किंचित अधिक तेल आणि मोठा चमचाभर लिंबाचा रस. ढवळावे आणि लगेच भट्टीत घालावे, कारण लिंबू आणि सोडा यांची भेट झाली की फुगण्याचे काम सुरू होते, ते आपल्यासाठी थांबत नाही. केकाबरोबर भेळ, बटाटेवडे, कैरीचे पन्हे. आलेल्या मुलांपैकी एकानेही आजवर "यात अंडे नाही का, दूध नाही का" असे विचारलेले नाही. त्यांच्या आया विचारतात.

सत्यनारायणाचा प्रसाद मात्र आमची परीक्षा पाहणारा ठरला. सव्वाच्या मापाने रवा, साखर, तूप, दूध, केळी. ते केळे सोडले तर आमच्या पथ्यावरचे ते सूचीपत्रच. आणि प्रसाद नाकारायचा नाही. कलावतीने प्रसाद टाकून नवऱ्याच्या भेटीला धाव घेतली तर नौका बुडाली, तुंगध्वज राजाने गवळ्यांचा प्रसाद घेतला नाही तर त्याचे शंभर पुत्र गेले, असे आजींनी आम्हांस बजावले. शेजारच्या पूजेत धाकट्याच्या हातावर प्रसाद पडला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही एकमेकांकडे पाहिले, आणि यजमानीणबाईंनी आम्हां तिघांकडे. त्या बाई फार शहाण्या. काही न बोलता त्यांनी चौरंगावरचे एक केळे उचलून त्याच्या हाती दिले आणि शिऱ्याचा द्रोण आजींकडे सरकवला. तेव्हापासून त्या आळीत पूजा असली की एक केळे धाकट्याच्या नावाने बाजूला असते.

येथवर ऐकून आपणांस वाटेल की सर्व सुरळीत पार पडले. तसे झालेले नाही, आणि जे झाले ते सांगितल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक ठरणार नाही.

थोरली आठ वर्षांची असताना एका मैत्रिणीच्या घरी, तिच्या दादाच्या परीक्षेच्या निकालाचे पेढे वाटले गेले. हिने एक खाल्ला. घरी आली ती सरळ मोरीत गेली आणि तोंड धूत राहिली. रात्री जेवली नाही. दिवा मालवल्यावर तिने हळूच विचारले, "मी पेढा खाल्ला म्हणून वासरू मेलं का?"

आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. आम्ही प्राण्याविषयी दया शिकवायला निघालो होतो, आणि शिकवली होती भीती. मोठ्या माणसांनी वर्षानुवर्षे विचार करून घेतलेला निर्णय आम्ही आठ वर्षांच्या खांद्यावर, त्यातल्या सगळ्या अपराधासकट, ठेवला होता. आजींनी दुसऱ्या दिवशी तिला जवळ घेतले आणि सांगितले की वासरे ठीक आहेत. आम्हांस त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्यानंतर आम्ही नेम बदलला. आमच्या स्वयंपाकघरात आम्ही जे शिजवू ते या पथ्याचे. घराबाहेर मुलांनी काय घ्यावे, काय नाकारावे, हे त्यांनी ठरवावे. खाल्ले तर लपवू नये, आणि आम्ही विचारू नये. ब-१२ची गोळी तेवढी वाटाघाटीच्या पलीकडची. आमच्या पंथातल्या काही कडव्या मंडळींना हे पटत नाही. पन्नास टक्के तत्त्व म्हणजे तत्त्वच नव्हे, असे ते म्हणतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना मुले नाहीत, एवढे नोंदवून आम्ही पुढे जातो. थोरली आता अकरा वर्षांची आहे. ती बाहेरही दूध घेत नाही, आपण होऊन. धाकटा गल्लीतल्या वाढदिवसांना आइस्क्रीम खातो आणि घरी येऊन त्याच्या चवीचे वर्णन बहिणीला करतो. ती ऐकून घेते.

परवा घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू झाले. आजींनी स्वतः कैरीची डाळ वाटली, वर हिंग-मोहरीची फोडणी दिली, पन्हे केले, बायकांच्या ओटीत भिजवलेले हरभरे घातले. चाळीसएक बायका येऊन गेल्या. रात्री भांडी आवरताना आजी एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, आज सगळं तुमचंच होतं की!" हे वाक्य त्यांनी जाहीर सभेत उद्धृत करण्यास परवानगी दिलेली नाही.

अक्षय्य तृतीयेला आमरस होईल. आजींच्या वाटीत तूप असेल, ते त्यांच्या कपाटातल्या निराळ्या बरणीतले. आमच्या वाट्यांत चिमूटभर सुंठ. पोळ्या एकाच तव्यावरच्या.

आम्हांस दिलेला वेळ संपला आहे. कोणास काही विचारायचे असेल तर जरूर विचारावे. आजी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनाही विचारावे. त्यांची उत्तरे आमच्यापेक्षा नेमकी असतात.